बाटलीतलं चिमूटभर मीठ

आमच्या प्रयोगशाळेत सोनं लाल असतं, हे आईला कधीच पटलं नाही. "सोनं आन् लाल? फसवलं गो तुला कुनीतरी!" रेवदंड्याला बांगडे खारवण्यात जिचा जन्म गेला, तिला डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण कसे समजावणार? आणि माझ्याकडे तेवढा धीर कुठला! मी एवढंच सांगितलं, की पाण्यात सुटे असले की हे कण लाल दिसतात, एकमेकांना चिकटले की निळे. मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवीत प्रथिन उतरतं, आणि ते या कणांना एकत्र ओढतं. लघवी तपासायच्या साध्या पट्टीला पत्ता लागायच्या आधी सोन्याला लागतो.

मला घाई होती ती मावशीमुळे. तिला साखरेचा आजार; दुखणं कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आईलाही तीच साखर. मी सरांची परवानगी काढली, आईकडून लघवीची बाटली घेतली आणि पहाटेच्या एसटीनं मुंबई गाठली.

थेंब पडला मात्र, लाल पाणी क्षणात निळंशार! पण इतक्या झपाट्यानं रंग कधी बदलत नाही. मी फोन लावला. "आये, बाटलीत काय घातलंस?"

"काय न्हाय. चिमूटभर मीठ. येवढ्या लांब न्यायची, नासली असती म्हंजे?"

अगं आई गं! जास्तीच्या मिठानंही कण चिकटतात. मी तिच्यावर अशी खेकसले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग हसले, आणि हसता हसता रडले. मीठ होतं नुसतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा घरी गेले. आईला बजावलं, मीठ नाही, हळद नाही, काहीच नाही. बाटली मासळीच्या बर्फात ठेवून आणली.

या वेळी थेंब पडला आणि पाणी लालच राहिलं. मी देवाला हात जोडले. जोडलेलेच होते, तोवर पाणी जांभळं व्हायला लागलं. हळूहळू निळं झालं. पुन्हा करून पाहिलं, तर तेच.

आईला फोन लावला. "आये, मी रागावणार नाही. खरं सांग, मीठ घातलंस ना?"

"न्हाय गो बाय, तुझी शपथ. तू नको म्हनलीस ना."

"थोडंसं तरी घातलं असशील."

"येक खडा न्हाय घातला. चांगलं आलं ना मग?"