क्रेन ऑपरेटरचा विसर

“मघाशी सांगितलेले पाच शब्द आठवतायत?” मी विचारलं.

गायकवाड टेबलाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “एक... आंबा. बाकीचे गेले, मॅडम.”

शेजारी बसलेल्या सुजाताताईंनी, त्यांच्या बायकोने, तोंड फिरवलं.

मी ठाण्यातल्या एका मेमरी क्लिनिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. विसरायला होतंय म्हणून येणाऱ्यांच्या टेस्ट घेणं हे माझं काम. मिलिंद गायकवाड पन्नाशीच्या आतले. कोलशेतच्या एका कंपनीत ओव्हरहेड क्रेन चालवायचे. मध्यंतरी त्यांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झालेला. केमो झाली, मानेला रेडिएशन झालं, कॅन्सर गेला. घरी पेढे वाटून झाले आणि मग हा विसर सुरू झाला.

“लोड हवेत लटकत ठेवून मी केबिनमधून खाली आलेलो,” ते म्हणाले. “खाली पोरं काम करत होती. नशीब, कुणाला लागलं नाही. पण साहेबांनी त्याच दिवशी क्रेनवरून काढलं.”

“मोबाइलवर वाचलं, कॅन्सर झालेल्यांना कमी वयात डिमेन्शिया होतो,” सुजाताताई म्हणाल्या. “खरंय का हो? ह्यांनी तर राजीनामा द्यायचं ठरवलंय.”

मी म्हटलं, “त्यावर अभ्यास चालू आहेत, पण सगळ्यांचं उत्तर एक नाही. केमोनंतर काही जणांना विसरायला होतं, ते बऱ्याचदा हळूहळू सुधारतं. आणि धोका असणं म्हणजे आजार असणं नव्हे. राजीनाम्याचं तूर्त राहू द्या.”

मग मी हिंट द्यायला सुरुवात केली. “एक वाहन होतं.”

“रिक्षा!”

“एक कपडा होता.”

“सदरा.”

हिंट दिल्यावर उरलेले चारही शब्द आले. अल्झायमरमध्ये सहसा असं होत नाही. तिथे शब्द मेंदूत नीट साठतच नाहीत, त्यामुळे हिंटचा फारसा उपयोग होत नाही. इथे शब्द आत होते, बाहेर यायला वेळ लागत होता. खरं तर त्यांचं सगळंच सावकाश होतं. बोलणं, उठणं, पेन उचलणं. आवाज बसलेला. आणि भर मे महिन्यात अंगात स्वेटर.

“थंडी वाजते?”

“सारखी. केमोचा अशक्तपणा आहे, असं सगळे म्हणतात.”

मी आमच्या न्यूरोलॉजिस्ट सरांना बोलावलं. त्यांनी घोट्यामागे छोट्या हातोडीने टकटक केलं. पाऊल हललं, पण जागेवर परतायला त्याने वेळ घेतला.

“थायरॉईडची टेस्ट कधी केलेली?” सरांनी विचारलं.

“कॅन्सरच्या वेळीच. नॉर्मल होती,” सुजाताताई म्हणाल्या.

“रेडिएशनच्या आधी की नंतर?”

सुजाताताईंनी फाईल उघडून तारीख बघितली. “आधी.”

थायरॉईडची ग्रंथी गळ्यात असते. मानेला दिलेलं रेडिएशन तिलाही लागतं आणि पुढे कधीतरी ती मंदावू शकते. ती मंदावली की माणूसही मंदावतो, डोकंसुद्धा. जुना रिपोर्ट नॉर्मल म्हणून नवा कुणी काढलाच नव्हता. एमआरआय ठीक आला. रक्ताचा रिपोर्ट मात्र बघून सर म्हणाले, “थायरॉईड जवळजवळ बंदच पडलीय. हा माणूस इथवर आला कसा?”

थायरॉईडची गोळी सुरू झाली. रोज सकाळी, उपाशीपोटी. सुजाताताईंना खरं वाटेना. “एवढ्याशा गोळीने?” दोनदा विचारलं त्यांनी.

दिवाळीच्या आधी गायकवाड परत टेस्टला आले. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पाचही शब्द विनाहिंट सांगितले, वर म्हणाले, “मॅडम, जरा कठीण द्या ना.” सुजाताताई आधी हसल्या, मग रडल्या, मग रडतेय म्हणून हसल्या. कंपनीच्या डॉक्टरांनी गायकवाडांना आधी काही दिवस खालच्या कामावर ठेवलं, मग फिट ठरवलं. आता ते पुन्हा क्रेनवर आहेत.

सगळ्यांचं असं सोपं निघत नाही. पण कॅन्सरमधून उठलेला कुणी विसराची तक्रार घेऊन आला, तर मोठ्या आजाराचं नाव काढण्याआधी मी आता विचारते, “कॅन्सरच्या उपचारांच्या आधी थायरॉईड तपासलंत की नंतर?” निम्मे लोक म्हणतात, “आठवत नाही.” तेव्हा मी सरांना सरळ टेस्ट लिहून द्यायला सांगते.