हिरवा चुडा आणि लाल दोरी

तो फोटो आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारसायकलवर, नुकतंच लग्न झालेली मुलगी बसली होती. हातमोजा काढून तिने हिरवा चुडा कॅमेऱ्याला दाखवला होता. हेल्मेट मात्र डोक्याऐवजी हँडलला. पुणेकर बर्फात गेला तरी पुणेकरच.

फोटो दाखवत होते तिचे वडील. दुपारी कर्वेनगरहून थेट आमच्या पोलीस ठाण्यात आले होते. काश्मीरहून जावयाचा फोन आला होता. ती एकटीच मशीन घेऊन पुढे गेली, मशीन वळणापुढच्या उताराखाली झाडाला धडकलेलं सापडलं, पण ती सापडली नाही.

"साहेब, त्यानंच काहीतरी केलंय. आत्ताच्या आत्ता गुन्हा नोंदवा."

हद्द आमची नव्हती, पण झिरो एफआयआर कुठेही घेता येतो. ठाणे अंमलदाराला जबाब लिहायला बसवलं आणि तिथल्या चौकीला फोन लावला. शोधपथक झाडाभोवतीचा बर्फ उकरत होतं. नव्या बर्फाने मशीनच्या खुणा बुजल्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, की चालकाच्या मनगटापासून मशीनपर्यंत लाल दोरी असते, तो पडला की ती मशीनमधून सुटते आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे मुलगी मशीनजवळच असणार. अंधार पडायच्या आत ती मिळाली नाही तर थंडीने वाचणार नव्हती.

जावई त्याच चौकीत बसून होता. वडिलांना बाहेर बाकावर पाठवून मी त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. सासऱ्यासमोर जावई खरं बोलत नाही.

"दोरी तिच्या हाताला होती?"

"हो सर, मीच बांधली."

उत्तर फार लवकर आलं. आठवून सांगणारा माणूस जरा थांबतो. मी फोटो पुन्हा पाहिला.

"अहो, मनगटभर चुडा आहे. त्यावर दोरीचा पट्टा बसला कसा?"

तो स्क्रीनवरून नजर काढून दाराकडे बघू लागला.

"हे बघा, तुम्हाला अडकवायची मला घाई नाही. तिला शोधायची आहे."

तो रडायलाच लागला. "सर, बांगड्यांवर पट्टा बसेना. दोरी सारखी सुटायची, गाडी बंद पडायची. आई म्हणाली होती, चुडा इतक्यात उतरवू नका. मग मी दोरी हँडललाच बांधून टाकली."

कटकट नको म्हणून कारचा बेल्ट पाठीमागून लावतात, तसंच हे. म्हणजे ती पडल्यावरही मशीन पळतच राहिलं होतं. सगळे चुकीच्या जागी खणत होते. मागे वळा, वरचं वळण बघा, असं मी चौकीला अक्षरशः ओरडून सांगितलं.

मग वाट पाहणं. वडिलांपुढचा चहा तसाच निवला. शेवटी फोन वाजला. ती वळणाखालच्या घळीत सापडली होती. पाय मोडलेला, अंग गारठलेलं, पण श्वास चालू होता. वडिलांनी माझे दोन्ही हात धरले.

खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे मी तेव्हा शिकलो. पण भीतीपोटी बोललेलं खोटंही जीव घेऊ शकतं, हेही.

पुढे ती नवऱ्याबरोबर पेढे घेऊन आली, लंगडत. काय आठवतं, असं मी विचारलं.

"काका, मी ओरडत होते आणि मशीनचा आवाज लांब लांब जात होता. मला वाटत होतं, आत्ता थांबेल."

नवरा खाली मान घालून बसला होता.