झाकणाखालचं प्लास्टिक

जव्हारला एका साहेबांच्या बंगल्यावर गोरख माळी आहे. त्या दिवशी त्याला पाचच्या एसटीने पोशेऱ्याला घरी जायचं होतं, कारण सकाळी पोरीला बघायला पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, "आधी हिरवळ काप, मग जा."

गवत कापायचं मशीन आठवडाभर हटून बसलेलं. दहा मिनिटं चालायचं नि बंद पडायचं. गोरखने प्लग पुसला, जाळी झटकली, कार्ब्युरेटर धुतला. दर वेळी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचा, दोरी ओढायचा. पुन्हा दहाच मिनिटं. चार वाजेपर्यंत त्याचा खांदा पार भरून आला.

झाडलोट करणारी कोंडी झाडू टेकून बघत होती. म्हणाली, "गोरखदादा, झाकण उघडलं का तुझं मशीन दम घेतं. तुझ्यासारखंच दमलंय ते."

त्याने झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही, आणि त्या हवेच्या भोकावरच पिशवीचा तुकडा होता, एसटीत तेलाची बाटली सांडू नये म्हणून आपण लावतो तसा. तो काढल्यावर हिरवळ कापून होईपर्यंत मशीन बंद पडलं नाही.

"कोणी घातला रे?" कोंडीने विचारलं.

"आधीच्या माळ्यानं."

अठरा वर्षं तिथे हाच माळी आहे. पण त्याचं तोंड बघून कोंडी गप्प बसली. निदान बाजारात मला भेटेपर्यंत तरी.

एसटी त्याला मिळाली. तिकिटासाठी कंडक्टरला त्याला दोनदा हलवावं लागलं, म्हणे.