बर्फ म्हणजे नेमका कुठला?

"यंदा तळं गोठेल का?" शेजारच्या आजोबांनी मला हे नोव्हेंबरातच विचारलं, कचऱ्याचे डबे रस्त्यावर आणताना. "तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

आमचं घर लायडस्खेनडाम या डच गावाच्या अगदी कडेला, मागे तळं. नोकरी मात्र टिलबर्गला, मालाच्या ट्रकांचं वेळापत्रक आखायची. कुठे धुकं पडणार, कुठला रस्ता निसरडा होणार, हे आधी बघून मगच गाड्या सोडायच्या. त्यामुळे गल्लीत मी वेधशाळा झाले होते, म्हणजे अंदाज चुकला की बोलणी माझ्या वाट्याला.

मी रीतसर तीन महिन्यांचा अंदाज उघडून दाखवला. सरासरीपेक्षा जरा ऊबदार हिवाळा असण्याची शक्यता जास्त. आजोबांनी तो रंगीत नकाशा नाकाशी धरून पाहिला आणि परत दिला. "सरासरीचं मी काय करू? मला चार-पाच रात्री हव्यात. सलग. वारा पूर्वेचा."

मग कारण कळलं. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर स्केटिंग कायमचं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लहानपणापासून जेव्हा जेव्हा तळं गोठलं, तेव्हा तेव्हा ते या काठावरून निघून पलीकडच्या काठाला हात लावून आले होते. गेली काही वर्षं ते गोठलंच नव्हतं. हा शेवटचा हिवाळा.

मला आधी हसूच आलं, खरं सांगते. एका तळ्यासाठी एवढा जीव टाकायचा? पण कुतूहल हा माझा जुना रोग. रोज ऑफिसात गाड्यांचं हवामान बघून झालं की मी गुपचूप आमच्या तळ्याचं बघायला लागले. डिसेंबरभर नुसता चिखल आणि पाऊस. जानेवारीतही तेच. आजोबा कुंपणापलीकडून भुवया उंचावायचे, मी मान हलवायचे.

आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला वारा फिरला. असा गारठा पडला की सायकलचं कुलूप उघडेना. तिसऱ्या दिवशी तळ्याच्या कडेला काचेसारखी साय धरली. आजोबा रोज सकाळी लाकडी धक्क्यावरून खाली वाकून हाताच्या गिरमिटाने भोक पाडायचे, त्यात खाचा केलेली काठी घालायचे आणि थर किती जाड झाला ते मला बोटांनी दाखवायचे. एक बोट. दोन बोटं. मी कॉफीचा मग घेऊन खिडकीत उभी. घरात टीव्ही कोण बघतंय!

"चार बोटं झाली की जाणार," ते म्हणाले. "पण बर्फ पडणार असेल तर मला आधी सांग. मग साडेतीनवरच जाईन." ते अर्थातच डचमध्ये 'स्नेउ' म्हणाले होते, म्हणजे आकाशातून पडतो तो. तो पातळ थरावर पडला की गोधडी पांघरल्यासारखं होतं, खालचं पाणी मग गोठतच नाही. शिवाय खालच्या भेगा, भोकं सगळं झाकून जातं. गोठलेल्या तळ्याचा खरा वैरी तोच, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तर समजत होते, जितका बर्फ तितकं बरं!

गुरुवारी सकाळी साडेतीन बोटं होती. आजोबांनी शनिवार पक्का केला. मी टिलबर्गला गेले, आणि दुपारी नकाशावर बघते तर समुद्राकडून ढगांचा मोठा पट्टा सरकतोय. संध्याकाळपासून हिमवर्षाव. मी आजोबांच्या घरी फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलत नाही. मोबाइल ते वापरत नाहीत. शेवटी लेकीला फोन केला. ती अकरा वर्षांची, नुकतीच शाळेतून घरी आलेली.

"धावत जा आणि आजोबांना सांग, आज रात्री बर्फ येतोय. लगेच सांग हं!"

"ओके, मामा," ती म्हणाली. डच मुलं आईला मामा म्हणतात, त्याची मला सवय झालीये. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्येच येतं.

मी निर्धास्त झाले. घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता, भुरभुर सुरू झाली होती, आणि मला वाटलं, आजोबा जाऊन आले असणार, आता पाय शेकत बसले असतील.

सकाळी पडदा सरकवला. सगळं पांढरं. धक्क्यावर आजोबा उभे, गळ्यात स्केट्स लटकवलेले, आणि समोर वीतभर बर्फ. मी तशीच स्वयंपाकघरात धावले.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

लेक टोस्ट खात होती. "तू सांगितलंस तेच. रात्री आइस येतोय. ते खूष झाले. मला चॉकलेट दिलं."

"अगं, बर्फ म्हणजे स्नेउ!"

"मग फ्रीजमध्ये असतो तो?"

तोही बर्फच. पुण्यात आमचा बर्फ गोळ्यात आणि उसाच्या रसात, आकाशातून पडणाऱ्यासाठी वेगळा शब्द हवा कुणाला होता? हिम म्हणावं तर ते पुस्तकात. कपाळ माझं! आयुष्यभर या शब्दाने माझं काही अडलं नव्हतं, आणि अडलं ते नेमकं एका म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या फेरीपाशी.

तशीच कोट चढवून बाहेर गेले आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी, पोरीची नाही, हेही सांगितलं. आजोबांनी बुटाने बर्फ जरा बाजूला सारला. मी म्हटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दोन्हीला एकच शब्द?" शेवटी ते म्हणाले. "मग तुम्ही हवामानावरून भांडता कसे?"

"पुष्कळ भांडतो. दुसऱ्या गोष्टींवरून."

ते हसले, पण नजर पलीकडच्या काठावरच. मला ते बघवेना. दुपारनंतर पाऊस येणार होता, म्हणजे होता तो थरही वितळणार; तोही मीच नकाशावर पाहिला होता. मी घरात जाऊन अंगणाचा झाडू आणला. गोठलेल्या पाण्यावर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. आजोबांनी काठाकाठाने दोन-तीन जागी भोकं पाडून काठी घातली आणि मान डोलावली. इथे पाणी गुडघाभर आहे, म्हणाले. मग मी देवाचं नाव घेत उतरले आणि झाडायला लागले. लेक फावडं घेऊन मागून आली. तासाभरात धक्क्यापासून लव्हाळ्याच्या बेटापर्यंत एक काळाभोर पट्टा निघाला. माझी पाठ मोडली होती, पण खाली अडकलेले बुडबुडे बघत मी वेड्यासारखी उभी राहिले.

आजोबांनी स्केट्स बांधले. धक्क्यावरून उतरताना दोघींचे हात धरावे लागले. आणि मग हात पाठीमागे बांधून ते निघाले. काय सांगू! दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस तो हाच का, असं वाटलं. दहा-बारा ढांगांत पट्टा संपला. ते वळले, आले, पुन्हा गेले. किती वेळा गेले मी मोजलं नाही. शेवटच्या खेपेला मात्र टोकाशी थांबले आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

लेकीने माझी बाही ओढली. "आई," ती म्हणाली, चक्क मराठीत, "त्यांना तिकडे जायचं होतं ना?"

"हो."

मी झाडू उचलला आणि त्यांच्या पुढे जाऊन झाडायला लागले. पाच पावलं, दहा पावलं. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. मागून आजोबांची हाक आली, "पुरे, पोरी. तिथून पुढे खोल आहे."