जसं बोलला तसं लिहा

ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य थांबण्यात जातं. गाडी सावलीत लावायची, काच खाली करायची आणि बसून राहायचं. हात रिकामे असतात, पण कान कुठे बंद करता येतात? मग असे किस्से साठत जातात.

माझे बहुतेक किस्से वसुधा मॅडमचे. मॅडम इथल्याच नल्लकुंटा भागातल्या, पण मराठी घरातल्या. मानववंशशास्त्र शिकल्या. म्हणजे माणसं कशी राहतात, कशी बोलतात, ते समजून घ्यायचं शास्त्र. आधी पोलिसात सब-इन्स्पेक्टर होत्या, तेव्हा मी त्यांची जीप चालवायचो. मग त्यांनी वर्दी सोडली आणि कॉलेजात शिकवू लागल्या. मी रिटायर झालो तसा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आपल्या जुन्या गाडीची चावी हातात दिली. आता त्या शहरातल्या तरुण पोरांवर संशोधन करतात.

तिन्ही ठिकाणी त्यांचा हट्ट एकच. माणूस जसं बोलला तसं लिहा! आणि तिन्ही ठिकाणी त्या हट्टापायी त्यांना त्रास. मी कमी शिकलेला माणूस, पण अजून आठवलं की डोकं तापतं.

* * *

पोलिसातले पहिलेच दिवस. मॅडमनी मानववंशशास्त्र केलंय हे साहेबांना कुठूनतरी कळलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शिंप्याकडून टेप मागवला आणि पकडून आणलेल्या एका माणसाला पुढे उभं केलं. भंगार वेचणारा होता बिचारा.

"घ्या मॅडम, मोजा याचं डोकं. चोर आहे की नाही सांगा. तुमच्या शास्त्रात असतं ना ते?"

सगळे हसले. मला त्या माणसाकडे बघवेना.

मॅडमनी टेप घेतला, शांतपणे साहेबांच्या मागे गेल्या आणि टेप साहेबांच्याच डोक्याभोवती गुंडाळला! मग आकडा बघून म्हणाल्या, "सर, तुम्हाला एक नंबर मोठी टोपी लागेल. याच्यापुढे डोकं मोजून काही कळत नाही."

त्या महिन्यात मॅडमना एकही सुट्टी मिळाली नाही.

* * *

तेव्हा संध्याकाळी फेरी मारायची आणि नाक्यावर उभी असलेली पोरं उचलायची, अशी पद्धत होती. स्टेशनात आणलं की लेखनिक न विचारताच लिहायचा, 'संशयास्पद फिरताना आढळला.' दहा पोरं असली तरी दहांसाठी तेच वाक्य. हात बसला होता त्याचा!

एकदा मॅडमनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि एका पोराला विचारलं, "का उभा होतास रे तिथे?"

"एकच खोली आहे अम्मा. बहिणीची परीक्षा आहे. ती अभ्यास करते तोवर मी बाहेर राहतो."

मॅडमनी रजिस्टरात तेच लिहिलं. 'बहीण अभ्यास करते म्हणून बाहेर उभा होता.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाचलं आणि जीपपर्यंत ऐकू येईल असे ओरडले, "हा काय गुन्हा आहे?"

मॅडम म्हणाल्या, "मीही तेच विचारतेय, सर!"

पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. दिला म्हणजे द्यायला लावला. मी स्पष्टच सांगतो.

* * *

कॉलेजात तरी लोक शिकलेले असतील, असं मला वाटलं होतं.

मॅडमच्या वर्गातली एक मुलगी बेगम बाजारात पंधरा दिवस जाऊन बसली. मिरचीच्या गोदामातल्या हमालांवर तिला लिहायचं होतं. मी तिला सोडायचो आणि आणायचो. सगळी गाडी शिंकायची! यादगिरी नावाचा एक म्हातारा हमाल होता, तो तिला रोज काय काय सांगायचा. पोरगी मॅडमच्या शिस्तीतली. यादगिरी जे बोलला ते तसंच लिहिलं आणि प्रत्येक वेळी खाली त्याचं नाव टाकलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे प्रोफेसर आले. गेट कुणी उघडलं तिकडे न बघणारे. पानं चाळत ते म्हणाले, "यादगिरी, यादगिरी... तुम्ही सगळा आधार यांचाच घेतलाय."

मुलगी म्हणाली, "हो सर. या विषयात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

प्रोफेसरांनी मान डोलावली. "खरंय. मी वाचलंय त्यांचं. थोडं अवघड लिहितात."

मुलीला चांगले मार्क मिळाले. मग चहाच्या वेळी कुणीतरी सांगितलं की यादगिरी हमाल आहे, अंगठा उठवतो. झालं! प्रोफेसरांनी कागद परत मागवले आणि त्याच पोरीचे मार्क कापले. न वाचता 'वाचलंय' म्हणणाऱ्याचे मार्क कुणी कापले नाहीत.

* * *

आता दिलसुखनगर. तिथे कोचिंग क्लासची आणि हॉस्टेलांची गर्दी. एका खोलीत सहा सहा पोरं, सगळी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलेली. मॅडम त्यांच्याशी तासन् तास बोलायच्या. पण संशोधन करवणाऱ्या संस्थेने आपला छापील फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, 'फावल्या वेळात काय करता?' आणि खाली खुणेला चौकोन. खेळ, वाचन, व्यसन, इतर.

एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हम तो सोते. सोने का डब्बा किधर है इसमें?"

चौकोन नव्हता. संस्थेच्या माणसाने फोनवर सांगितलं, "इतरवर टिक करा." पोरांनी इतरवर टिक केली.

सहा महिन्यांनी संस्थेचा अहवाल आला. मॅडमनी गाडीतच मला वाचून दाखवला. 'बहुसंख्य तरुण आपला फावला वेळ कशात घालवतात, हे सांगण्यास तयार नाहीत. ही चिंतेची बाब आहे.'

झोपली होती हो पोरं, झोपली होती!

* * *

त्या हॉस्टेलात फय्याज होता. जुन्या शहरातला, बापाविना वाढलेला, अगदी सरळ पोरगा. दिवसा वेल्डिंगची, शटर बसवायची कामं करायचा आणि उरलेल्या वेळात अभ्यास. चार वर्षांनी यादीत नाव लागलं. सरकारी नोकरी! फक्त पोलिसांकडची चौकशी बाकी होती. नावावर गुन्हा निघाला की संपलं.

आणि नेमकं तेव्हाच हॉस्टेलच्या गल्लीतल्या गफ्फारभाईंचं, मॅडमच्या जुन्या ओळखीच्या माणसाचं, मोबाईलचं दुकान फुटलं. दोन दिवसांनी पोलीस फय्याजला घेऊन गेले, कारण तिथलं शटर त्याने बसवलं होतं. मॅडमना फोन आला आणि आम्ही धावलो.

इन्स्पेक्टर नवीन होते, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. हिंदी पुस्तकातून शिकलेले, इथली बोली त्यांच्या कानाला नवीन. ते मॅडमना म्हणाले, "तुम्ही उगाच आलात. याने स्वतःच कबूल केलंय. 'मैं परसों उस दुकान में था, शटर का काम करा,' असं म्हणाला. आणि चोरी परवाचीच. जसं बोलला तसंच लिहिलंय मी!"

फय्याज कोपऱ्यात उभा होता. डोळे सुजलेले. मला त्याला पाणी द्यायचं होतं, पण कुणी आत सोडेना. मी दारातच थांबलो.

बाकावर गफ्फारभाई बसले होते. मॅडम त्यांच्याकडे वळल्या आणि घरगुती गप्पा माराव्यात तसं विचारलं, "गफ्फारभाई, अब्बा कैसे हैं आपके?"

"अब्बा?" गफ्फारभाईंचा आवाज उतरला. "अब्बा का तो परसों इंतकाल हो गया ना, अम्मा."

इन्स्पेक्टर झटकन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. "अरे! और आप यहाँ बैठे हैं? आप घर जाइए. केस हम देख लेंगे."

गफ्फारभाई त्यांच्याकडे बघतच राहिले. "घर कायकू साब? उनके बाद मेरेकू पोता हुआ. इस्कूल कू जारा वो अब!"

इन्स्पेक्टर टोपी हातात धरून तसेच उभे होते. मग त्यांनी टेबलावरचा जबाब उचलला, पुन्हा वाचला आणि फय्याजकडे बघून हळूच विचारलं, "कौनसा परसों?"