तिटकाऱ्याचा उच्चार

मँचेस्टरला शनिवारी सकाळी मी अभिजात चिनी शिकायला जात असे. वडिलांनी लहानपणी सांगितलं होतं, की आपले कितीतरी बौद्ध ग्रंथ भारतातून नाहीसे झाले आणि फक्त चिनी भाषांतरात उरले. ते वाचायचं वेड त्यांचं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी स्थिरावल्यावर ते मी घेतलं.

शिकवणाऱ्या बाई हाँगकाँगच्या, सत्तरी ओलांडलेल्या. एकदा त्यांनी बोर्डवर 惡 हे अक्षर काढलं. वरचा भाग उच्चारासाठी, खाली हृदय.

"अर्थ वाईट, दुष्ट," त्या म्हणाल्या. "मँडरिनमध्ये 'अ', आवाज वरून खाली पाडायचा. माझ्या आईच्या कँटोनीजमध्ये 'ओक'."

मला हसू आलं. त्याच वेळी मागच्या रांगेतही कुणीतरी हसलं. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मागे बसलेल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, "आमच्या भाषेत याचा अर्थ होतो, उलटी कर."

"मग तुमची भाषा बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मळमळ याच अक्षराने लिहितात. फक्त सूर बदलतो."

वर्ग सुटल्यावर ट्रामच्या स्टॉपवर ती मागच्या रांगेतली मुलगी माझ्याजवळ आली. "मराठी ना तू?" ती पुण्याची, एका आयटी कंपनीत होती. जुन्या चित्रांवर लिहिलेलं वाचता यावं म्हणून चिनी शिकत होती. त्या दिवशी आम्ही दोन ट्रामी सोडल्या. मराठीत पोटभर बोलायला मला कित्येक महिन्यांत कुणी मिळालं नव्हतं. पुढे दर शनिवारी वर्गानंतर आम्ही कॉफी प्यायचो, एकमेकींचे उच्चार तपासायचो. मी तिच्या घरी जायला लागले. तिच्या फ्रिजमधून हाताने दही घेण्याइतकी मी तिथे रुळले.

उन्हाळ्यात तिची आई पुण्याहून आली. मी जेवायला गेले, तर काकूंनी आग्रहाने वाढलं. चिनी शिकणाऱ्या दोन मुलींचं त्यांना फार कौतुक. मग आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना, म्हणून गाव विचारलं. त्यावरूनही कळेना.

"म्हणजे तुमच्याकडे कुलदैवत कोणतं?"

"आम्ही बौद्ध, काकू."

"हो का," त्या म्हणाल्या. "छान." आणि मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या, "ताक घे गं तू."

मला ताक विचारायचं राहून गेलं. राहून गेलं असंच मी स्वतःला सांगितलं.

गणपतीत गौरीच्या जेवणाला मी तिच्याकडे सकाळीच जायचं, पुरणपोळ्या दोघींनी मिळून लाटायच्या, असं आमचं कधीच ठरलं होतं. आदल्या दिवशी तिचा मेसेज आला. "अगं, आई जरा जुन्या वळणाची आहे. सोवळं वगैरे. सकाळची घाई नको करूस, संध्याकाळी हळदीकुंकवाला ये ना, प्लीज." खाली हसरा चेहरा होता. मी गेले नाही. रजा घेतलेली होती, ती पडदे ओढून लोळत काढली.

पुढच्या शनिवारी बाईंनी तेच अक्षर पुन्हा काढलं, या वेळी दोनदा, शेजारी शेजारी. वाचायची पाळी मैत्रिणीची होती. तिने वाचलं, "अ, अ."

"नाही," बाई म्हणाल्या. "पहिलं 'वू'. तिटकारा करणं. दुसरं 'अ'. वाईट. वाईटाचा तिटकारा करणं, असं वाचायचं. लिहिताना फरक दिसत नाही. वस्तू वाईट आहे की तुम्हाला तिचा तिटकारा आहे, हे वाचणाऱ्याने ओळखायचं."

तिने दोनदा चुकीचं वाचलं, तिसऱ्यांदा बरोबर. माझ्याकडे पाहिलं नाही.

ट्राममध्ये मात्र शेजारी येऊन बसली. "तू मनाला लावून घेतलंस ना? मला असलं काही वाटत नाही, तुला माहितेय. आईला या वयात आता काय शिकवणार?"

"आई कधी जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

"मग त्यानंतर येते मी. पुरण घालू, पोळ्या करू. नैवेद्यही माझ्याच हातचा दाखव."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक कार पार्क होता. मग म्हणाली, "तू ना, प्रत्येक गोष्टीत तेच आणतेस."

मी आणलं नव्हतं. तिच्या घरात मी इतके दिवस नुसती जेवत होते. तिचा स्टॉप आला, ती उतरली.

नंतर ती वर्गाला आली नाही. ऑफिसचं काम वाढलंय, असं तिने बाईंना कळवलं. मी जात राहिले. मैत्रीण कुठे आहे, असं बाई मला काही आठवडे विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. हिवाळ्यात मी पहिल्यांदा एका सूत्राचं अर्धं पान कुणाच्या मदतीशिवाय वाचलं. ज्यांना फोन करून सांगावंसं वाटलं, ते वडील आता नाहीत. आणि जिला त्यातलं काही कळलं असतं, तिचा नंबर मी पुसून टाकला होता.

फेब्रुवारीत इंडियन ग्रोसरीत ती दिसली. तिच्याबरोबर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोन बायका होत्या. ती ओळखीचं हसली आणि म्हणाली, "ओह, हाय, हाऊ आर यू? लाँग टाइम."

आमच्यात इंग्रजी कधीच नव्हतं. मी मराठीत म्हणाले, "बरी आहे." त्या दोघींनी माझ्याकडे वळून पाहिलं, आता तिने ओळख करून द्यावी म्हणून थांबल्या. तिने ट्रॉली पुढे ढकलली.