गच्चीवरची गाय

वादळ आलं आंध्रच्या किनाऱ्यावर आणि बुडालो आम्ही. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत. टीव्हीवरची मुलगी नकाशावर गरगर फिरणारा पांढरा भोवरा दाखवून तिकडच्या लोकांना सावध करत होती. नांदेडचं नाव तिने घेतलंच नाही. दोन दिवस पाऊस कोसळला, वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी गोदावरी आमच्या गल्लीत शिरली. लातूरला भावाला फोन केला, तर तो म्हणतो, "थोडं इकडं पाठव की, आमच्या नळाला आठ दिस झाले पाणी न्हाई." त्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गल्लीत दुमजली पक्कं घर आमचं एकट्याचं. त्यामुळे पूर आला की शेजारी आमच्या गच्चीवर, हे ठरलेलंच. समोर दूधवाले मामा राहायचे, मूळचे देवणीकडचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. एक म्हातारा आणि एक गाय, एवढाच संसार. गाय अस्सल देवणी, पांढरी, अंगावर काळे ठिपके, आणि दिवस भरत आलेली. मामांच्या शेजारी चाचा. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं देवणी, बिलोलीच्या बाजारांत बैलांच्या दलालीत घालवली. आता केळीचा गाडा लावायचे. दलाली सोडायचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाजारातून जनावरं आणताना त्यांना वाटेत अडवून मारलं होतं, आणि मारणाऱ्यांनीच त्याचा व्हिडिओ काढून फिरवला होता. तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवरही आला. मी तो शेवटपर्यंत बघितला होता.

मामा गाय घेऊन आमच्या जिन्याशी आले तेव्हा पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं. चाचा मागून ओरडले, "मामा, वर नको नेऊ! जनावर चढतंय, उतरत न्हाई. गाभण हाय, रेल्वेच्या पुलाकडं उंचावर ने."

"आन् वाटंत वाहून गेली म्हंजे?" मामांनी उलट विचारलं. त्यांचंही खरंच होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे धरला आणि गाय एकेक पायरी शहाण्यासारखी चढून वर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बावळटासारख्या.

तीन दिवस आम्ही सगळे गच्चीवर, ताडपत्रीखाली. गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या बाई रेल्वेच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होत्या. घर बौद्धांचं, म्हणून माझ्या सासूबाईंनी पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. खाली अख्खं शहर पाण्यात आणि ह्यांचं सोवळं कोरडं! बाईंनी ते बघितलं, ओंजळ ताडपत्रीच्या धारेखाली धरली आणि तेच पाणी प्यायल्या. मला लाज वाटली, पण मी हंडा परत आणला नाही. गुरुद्वाऱ्यातून होडीने लंगरच्या रोट्या आल्या, त्या मात्र सगळ्यांनी एकाच टोपलीतून खाल्ल्या. मामांनी स्वतःच्या वाट्याच्या गाईला चारल्या.

पाणी ओसरलं. गल्लीत गुडघाभर चिखल, जिना शेवाळ्यासारखा निसरडा. गाय जिन्याच्या तोंडाशी आली, खाली बघितलं आणि मागे सरकली. भाकरी दाखवली, पेंड दाखवली, मामांनी गळ्यात हात टाकून विनवण्या केल्या. ती जागची हलेना. चारा संपला होता आणि तिची कास भरून आली होती. ती वरच व्याली असती तर वासराला घेऊन काय करायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

शेवटी मामा चाचांच्या दारात गेले. चाचा आले. पोत्यांत वाळू भरून पायऱ्यांवर टाकायला सांगितली, गाईचे डोळे बांधायला स्वतःच्या गळ्यातला गमछा काढला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग त्यांनी मान वर केली. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला चारमजली इमारत आहे, तिच्या गॅलऱ्यांत सगळे मोबाइल धरून उभे. गाय जिन्यावरून उतरणार, ही मजा कोण सोडतो? आणि समोर दोन हातांवर मी. माझाही मोबाइल वर. भावाला पाठवायला म्हणून घेत होते.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी मोबाइल खाली केला.

"आप ने बंद किया भाभी," ते म्हणाले, "उनका कौन बंद करेगा?" गमछा त्यांनी मामांच्या खांद्यावर ठेवला. "माझ्या हातून पडली, तर मी पाडली म्हनतील. मला नक्को."

रेल्वेच्या बाई इमारतीकडे बघून ओरडल्या, "मोबाइल बंद करा रे!" वरून हसण्याचा आवाज आला. मग मागच्या गल्लीतले चार-पाच तरुण सरसावले, गोमातेचा जयजयकार झाला, गाईला दोर बांधले गेले. वाळूची वाट कुणी बघितली नाही. तिसऱ्या पायरीवर तिचे पुढचे पाय सुटले आणि ती सगळा जिना पाठीवर घेत खाली आली. दोर ओढणारे बाजूला झाले, तेवढी अक्कल त्यांना होती. मागचा पाय खुब्यातून निखळला. पाचव्या मिनिटाला गल्लीत मामा, मी आणि चिखलात पडलेली गाय.

गुरांचे डॉक्टर खेड्यांमध्ये अडकले होते. उद्या येतो म्हणाले. तिला तेव्हाच कळा सुरू झाल्या.

"त्याला बोलवा," मामा मला म्हणाले. चाचा आले, पण दहा पावलांवर थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तिथूनच बोलायला लागले.

"पाय दिसले का?"

"दोन्ही दिसून राहिले, तोंड न्हाई," मामा म्हणाले.

"मंग मुंडी मागं वळलीय. आत ढकल, मुंडी सरळ कर, मंग वढ."

मामांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, त्यांना जमेना. मी कोपरापर्यंत गोडेतेल चोळलं आणि हात घातला. मला यातलं काही येत नव्हतं. "डावीकडं... आनखी खाली... जबडा धर," चाचा सांगत होते आणि मी आत चाचपडत होते. हाताला ओठ लागले. मी बोट आत घातलं आणि वासराने ते चोखलं. खरंच चोखलं, दोनदा, चांगलं ओढून.

"जिवंत हाय!" मी ओरडले. "चाचा, जिवंत हाय, या ना!"

चाचा एक पाऊल पुढे आले. इमारतीच्या गॅलऱ्या अजून भरलेल्या होत्या. ते तिथेच थांबले. "हात लाव की रे!" मामा किंचाळले. "माझी गाय हाय, मी सांगून राहिलो, लाव हात!"

चाचा तिथूनच सांगत राहिले, आवाज चढत गेला, "वळव भाभी, वळव, जोर लाव." मी जोर लावला. मान वळली नाही. माझ्या जागी त्यांचा हात असता तर वळली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मामांनाही. बोट ओढणं मंद झालं, मग थांबलं. मी बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

"हिलून राहिलंय का?" चाचांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. गाईने मान चिखलात टाकली होती आणि मामा तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. चाचा रडायला लागले. नाकातोंडातून पाणी वाहून दाढी भिजली, पण पुसायलासुद्धा त्यांनी हात पुढे घेतले नाहीत.